तो ‘बोंबील’ सरांचा नव्हता

माझा धंदा दुसऱ्याच्या तोंडाने बोलायचा. पालघरपासून डहाणूपर्यंत कुठे हळद असो, कारखान्याचा वार्षिक दिन असो, नाहीतर गणपतीत पाचव्या दिवसाचा कार्यक्रम असो, माईक घेऊन जो पोरगा आधी पुढाऱ्याचा, मग स्टेशनवर ‘गाडी उशिरा धावत आहे’ सांगणाऱ्या बाईचा आणि मग नवरदेवाच्या मामाचा आवाज काढतो, आणि मामा सोडून सगळे हसतात, तो मी. नाव नितीन. पत्रिकेत ‘हास्यसम्राट नितीन’ छापतात. आई अजून विचारते, ‘बाकी काय करतोस?’

संपादकांचा फोन आला की कामातले अनुभव लिहा, तेव्हा मला वाटलं कोणीतरी माझीच मिमिक्री करतंय. असले लेख रिटायर झालेली माणसं लिहितात. मी अठ्ठावीसचा. रिटायर व्हायला आधी नोकरी लागावी लागते. पण माझ्याकडे एक अनुभव असा आहे की तो सांगितल्याशिवाय मला हे काम सरळ तोंडाने करता येत नाही, म्हणून लिहितोय.

आधी धंदा समजावतो. लोकांना वाटतं आवाज घशात असतो. तसं नाही. माणूस बोलायच्या आधी जे करतो, त्यात तो असतो. माझे पप्पा जळगावकडचे, एमआयडीसीत बॉयलरवर होते. ते ‘नाही’ म्हणायच्या आधी दोनदा खाकरतात. मी आठवीत होतो तेव्हा सहलीला जायचं म्हणून आतल्या खोलीत बसून नुसता दोनदा खाकरलो. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, ‘कशाला नाही म्हणताय, जाऊ दे ना पोराला.’ पप्पा तेव्हा घरातच नव्हते. त्या दिवशी मला माझा धंदा सापडला.

आमची बोईसरची चाळ म्हणजे शाळाच होती. डावीकडे बिहारचे शर्माजी, उजवीकडे नवापूरची सून, वर साताऱ्याचे मास्तर. चपला घालून बाहेर पडेपर्यंत चार भाषा कानात गेलेल्या असायच्या. मी फक्त त्या बाहेर काढल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःचा आवाज कोणाला ओळखू येत नाही. एका घरात आजोबांच्या पंचाहत्तरीला त्यांचाच आवाज काढायची ऑर्डर होती. मी दहा मिनिटं काढला. सून हसून हसून खाली बसली. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘कोण आहे हा किरकिरा माणूस? याच्या घरचे याला सहन कसे करतात?’ कोणी सांगितलं नाही. मीही नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढे त्यानेच माझी वाट लावलीय.

आता जगदाळे सर.

आमच्या कॉलेजात जगदाळे सर बास्केटबॉलचे कोच होते. माणूस साताऱ्याकडचा, उंची रिंगपेक्षा बरीच कमी, मिशी उंचीच्या मानाने बरीच जास्त. शिट्टी कायम दातात. शिट्टी न काढताच बोलायचे, त्यामुळे प्रत्येक वाक्याला थोडी वाफ यायची. त्यांचा आवाज काढणं माझा सगळ्यात चालणारा आयटम. कॉलेजात कधी पाऊल न टाकलेले लोक हळदीत येऊन सांगतात, ‘ते शिट्टीवाले सर कर ना.’

सरांची एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठे बघितली नाही. टीममधली निम्मी पोरं नवापूर, तारापूर, चिंचणीकडची, म्हणजे समुद्रकाठची. सर मॅचमध्ये बाहेरून डाव सांगायचे, पण समोरच्यांना कळू नये म्हणून त्या पोरांनी डावांना माशांची नावं दिली होती. ‘सुरमई’ म्हणजे सुसाट पळा. ‘मांदेली’ म्हणजे जवळजवळ राहून छोटे पास. ‘खेकडा’ म्हणजे समोरच्याला चिकटा. आणि ‘बोंबील’ म्हणजे ढिलं पडा, बॉल मागे घ्या, वेळ काढा. ‘बोंबील’ द्यायचा तो फक्त आपण पुढे असलो की. सर स्वतः पक्के शाकाहारी. बाजारात सुरमई समोर ठेवली तर तिला बोंबील म्हणाले असते. पण मैदानात ओरडायचे असे की जणू लिलाव चाललाय. आणि नियम एकच: सरांचा आवाज आला की तसंच करायचं. समोर काय दिसतंय ते बघायचं नाही. ज्याने बघितलं त्याला कोर्टाभोवती वीस फेऱ्या.

मी टीममध्ये नव्हतो. मी पायरीवर होतो, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या कोर्टाला एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या आहेत, तिथे बसून मी सरांच्या आवाजात कॉमेंट्री करायचो. मॅचपेक्षा माझ्याभोवती गर्दी जास्त.

नऊ वर्षांपूर्वीची झोनची फायनल. आमच्याच कोर्टवर. आम्ही एका पॉइंटने मागे, सहा सेकंद राहिलेले, आणि नवापूरच्या भावेश तांडेलने समोरच्याच्या हातातून बॉल काढला. पुढे कोणी नाही. रिंग, भावेश आणि मोकळी जागा. सगळी पायरी श्वास धरून गप्प, सगळ्यांचे डोळे रिंगवर, आणि सरांचा बाक आमच्या पायरीच्या अगदी खाली. एवढी शांतता मला कधीच झेपत नाही. मी जीभ खालच्या दाताला लावली, सरांचा आवाज काढला आणि ओरडलो, ‘बोंबीऽऽल.’

गंमत म्हणून. दुसरं काही कारण नाही. नऊ वर्षं शोधलं, सापडलं नाही.

भावेश थांबला. रिंगखाली गेलेला पोरगा उडी मारता मारता थांबला, वळला आणि बॉल घेऊन मागे आला. शांतपणे, शिकवल्यासारखा टप टप करत. मग टेबलावरचा भोंगा वाजला.

पुढचं सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी तेच सांगितलं: एका पॉइंटने मागे असताना कोचने ‘बोंबील’ दिला. कोणी म्हणालं, सरांनी स्कोअर उलटा वाचला. कोणी म्हणालं, फितूर झाले. पुढच्या वर्षी कॉलेजने नवीन कोच आणला. सर काही बोलले नाहीत. मी स्वतःला समजावलं, सरांना माहीतच आहे ना की ते ओरडले नाहीत. ते गप्प आहेत तर त्यांचं काहीतरी कारण असेल. त्यात मी कशाला नाक खुपसू? असा विचार फक्त भित्रा माणूस करू शकतो आणि तो एकदम सभ्य वाटतो, हे मी अनुभवाने सांगतो.

वर त्याच आवाजावर मी नऊ वर्षं कार्यक्रम केले.

यंदा जुन्या खेळाडूंनी ठरवलं, सरांचा सत्कार करायचा. म्हणजे निम्म्यांनी ठरवलं. निम्म्यांचं म्हणणं होतं, सत्कार कशाचा, बोंबलाचा? मग तोडगा निघाला: सत्कारही करू आणि ज्याला जे वाटतं ते स्टेजवरून बोलू. सूत्रसंचालन अर्थात माझ्याकडे. आधी फिरून आठवणी गोळा करायच्या, शेवटी सरांसमोर सरांचा आवाज. मी हो म्हटलं. नाही म्हणायला खाकरावं लागतं, तेवढं सुचलं नाही.

आठवणी गोळा करताना एक कळलं. सरांबद्दल बोलायला बसवला की कुठलाच माणूस एका वाक्यात एका बाजूला राहत नाही. एक जुना खेळाडू म्हणाला, ‘बहिणीच्या हळदीतून उशिरा आलो तर अंगावर हळद तशीच ठेवून वीस फेऱ्या मारायला लावल्या. राक्षस माणूस. आणि लग्नाला येऊन तीन पंगती वाढल्या. मला अजून कळलं नाय, शिव्या घालू का पाया पडू.’ कॅन्टीनच्या शेवंतामावशी म्हणाल्या, ‘पोरं ताट धुवायची ती फक्त त्यांच्याच टीमची. बाकीच्यांची मी धुवायची.’ मग ओट्यावर फडकं मारत, ‘पण स्वतःचं ताट कधी धुतलं नाय हा.’

चुरीकाका म्हणजे तारापूरजवळचे चिकूच्या वाडीवाले. स्वतः कधी बॉलला हात लावला नाही, पण प्रत्येक मॅचला पिशवीभर चिकू घेऊन पहिल्या पायरीवर. त्यांनी मला ओटीवर बसवलं आणि एक तास सरांना झोडलं.

‘तो मानूस माझ्यासमोर आला ना, तर मी त्याला एकच प्रश्न विचारीन. का वरडला?’

‘काका, कदाचित ते ओरडलेच नसतील.’

‘मंग काय मी वरडलो? मी सोता ऐकला. या कानाने.’ त्यांनी उजवा कान दाखवला. ‘तू कुठे होता तेव्हा?’

‘तुमच्या मागच्याच पायरीवर.’

‘मंग तू पन ऐकला असशील.’

‘ऐकला,’ मी म्हटलं. खोटं नव्हतं.

भावेश आता नवापूरहून बोईसरला मासळीचा टेम्पो चालवतो. त्या फायनलला विद्यापीठाच्या टीमची निवड करणारे आले होते, त्यात त्याचं नाव आलं नाही. तो टेम्पोला टेकून म्हणाला, ‘सर लय चांगला मानूस होता रे. त्यांनीच मला हात धरून शिकवला. आनि त्यांनीच बुडवला. हे दोनी लिव. एक खोडून दुसरा नको लिवू.’

मी दोन्ही लिहिलं. तिसरं माझ्या खिशातच राहिलं.

शेवटी सरांना आमंत्रण द्यायला मासवणला गेलो. तिकडे एका आश्रमशाळेत ते पी.टी. शिकवतात. मुरमाचं मैदान, लोखंडी खांबाला वेल्डिंग करून बसवलेली रिंग आणि अनवाणी पळणाऱ्या मुली. सर मिशीने पांढरे झालेले, शिट्टी तिथेच. पोरी खरंच चांगल्या खेळत होत्या. त्यातली एक, मनीषा, अशी वळायची की माझ्यासारख्याला बघूनच चक्कर यावी.

‘सर, या पोरी तालुक्याला जिंकतील.’

‘न्हाई जिंकत. दोन वर्स झाली हरतोय.’

‘का?’

‘मॅचला बाकावर भूगोलाच्या बाई बसतात. त्या दोन्ही बाजूला टाळ्या वाजवतात.’

‘आणि तुम्ही?’

‘मी कुंपणाभाईर हुबा राहतो.’

मला वाटलं मस्करी करतायत. मी तोंड वाकडं करून हसायची तयारी केली होती. सर शिट्टी काढून हातात घेऊन बसले. शिट्टी काढलेले सर मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

‘नित्या, तू तवा हुतास न्हवं पायरीवर? त्या दिवशी मी वरडलो ते मला आठवतच न्हाई. भावेश पुढं पळतोय, एवढं आठवतं. तोंड उघडल्याचं आठवत न्हाई. पण शंभर माणसं म्हणाली तुम्हीच वरडला. पोरं म्हणाली. चुरी म्हणाले. आपला आवाज आपल्याला भाईरून कसा ऐकू येणार? मग म्हटलं, वरडलो आसंन. बोईसरला डॉक्टरला दाखवलं. डोक्याचा फोटो काढला. काय निघालं न्हाई त्यात.’

‘डोक्याच्या फोटोत काहीच निघालं नाही’ या वाक्यावर एरवी मी पाच मिनिटांचा आयटम केला असता.

‘तवापास्नं बाकावर बसत न्हाई,’ सर म्हणाले. ‘ऐन टायमाला तोंडातनं काय निघंल, माझा मला भरवसा न्हाई. तीन आठवड्यांनी वाणगावला मॅच हाय. पोरी रडतात माझ्याजवळ, सर बसा म्हणून. पण भावेशसारखं हिचं झालं तर?’ त्यांनी मनीषाकडे बोट दाखवलं.

मी तिथेच सांगायला हवं होतं. समोर माणूस होता, माझ्या तोंडात जीभ होती. मी म्हटलं, ‘सर, रविवारी दुपारी कार्यक्रमाला नक्की या.’ आणि बाईकला किक मारली. मनोरच्या रस्त्याला लागेपर्यंत मागे बघितलं नाही.

म्हणजे नऊ वर्षं मी ज्या माणसाच्या गप्प बसण्यामागे मोठं कारण आहे असं समजत होतो, तो माणूस बिचारा स्वतःच स्वतःवर संशय घेऊन बसला होता.

रविवारी कॉलेजच्या हॉलमध्ये दीड-दोनशे माणसं. सर पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट, शेजारी त्यांची बायको. भाषणं झाली. शाल झाली. चुरीकाकांनी तो प्रश्न विचारला नाही, उलट स्टेजवर जाऊन सरांच्या हातात चिकूची पिशवी दिली आणि तोंड फिरवून खाली उतरले. मग माझं नाव पुकारलं. पुकारणारा मीच, त्यामुळे टाळता आलं नाही.

मी सरांचा आयटम केला नाही. माईक धरून सरळ माझ्या आवाजात सांगितलं, ‘फायनलला सर ओरडले नव्हते. तो बोंबील मी दिला होता. पायरीवरून. सरांचा आवाज काढून.’

हॉल फुटला. लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते.

‘खरंच सांगतोय,’ मी म्हटलं. आणखी हसले. ‘शपथ घेतो.’ टाळ्या. चुरीकाका डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाले, ‘काय एक्टिंग करते पोरगा.’ मी रडवेला झालो, तर पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, ‘बघा बघा, रडतो पन कसा खरोखरचा.’ नऊ वर्षं मी या लोकांना एकच सवय लावली होती, मी तोंड उघडलं की हसायचं. ती एका दिवसात कशी जाणार?

हसत नव्हती फक्त तीन माणसं. भावेश, सर आणि सरांची बायको.

सर उठले. हॉल हळूहळू शांत झाला. सर स्टेजकडे आले नाहीत. म्हणाले, ‘भावेश, बॉल घे.’ आणि दाराबाहेर चालायला लागले.

सगळी वरात मागे. साड्या, सफारी, हातात समोशाच्या बशा. कोर्टवर ऊन होतं. सरांनी मला बोटाने पायरी दाखवली. मी माझ्या जुन्या जागेवर जाऊन उभा राहिलो. भावेशने चपला काढल्या, पोट आत घेतलं, बॉल दोनदा आपटला.

‘तिथनं पळ,’ सर म्हणाले. ‘आणि तू, तसंच वरड.’

‘सर, आता त्याला माहितीये मी ओरडणार.’

‘वरड म्हटलं ना.’

भावेश पळाला. नऊ वर्षं आणि टेम्पोची सीट अंगावर घेऊन, पण पळाला. रिंगखाली आला. मी जीभ दाताला लावली आणि ओरडलो.

तो थांबला.

पाय जमिनीला चिकटल्यासारखा थांबला, अर्धा वळला आणि मग स्वतःच्या पायांकडे बघायला लागला. कोणी हसलं नाही. बशीतला समोसा पण कोणी उचलला नाही.

‘आयला,’ भावेश म्हणाला. ‘मला म्हाईत होता, नित्याच वरडनार. तरी थांबलो.’

‘परत,’ सर म्हणाले.

परत पळाला, परत थांबला. तिसऱ्यांदा जबरदस्तीने बॉल टाकला, तो बोर्डाच्या मागे गेला.

सर पायऱ्या चढून माझ्यासमोर आले. मी गाल तयार ठेवला होता. कानाखाली दिली असती तर विषय तिथे संपला असता, मी घरी गेलो असतो. त्यांनी हात उचलला नाही.

‘नऊ वर्स,’ सर म्हणाले. ‘नऊ वर्स मी हिला इचारतोय, मी झोपेत बडबडतो का गं. ही बिचारी जागी राहून ऐकायची.’

त्यांची बायको खाली उभी होती. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, ‘बडबडत नाहीत. घोरतात.’

मी ‘चुकलो’ म्हटलं. शब्द एवढासाच निघाला. दीडशे आवाज येतात मला, त्यातला एकही कामाला आला नाही.

सरांनी खाली धापा टाकणाऱ्या भावेशकडे बघितलं. मग मला म्हणाले, ‘तू हलकट हाईस ते हाईसच. पण आवाज तुझा, तर मग त्याचं पाय कुणी थांबवलं? समोर मोकळी रिंग दिसत हुती. आंधळा न्हवता तो. मी शिकवलं त्याला, बघायचं न्हाई, नुसतं ऐकायचं. वीस वीस फेऱ्या मारून शिकवलं. अजून पाय ऐकतात बघ.’ ते खाली उतरून भावेशजवळ गेले. ‘तुझी चूक न्हवती. ह्याची अर्धी, माझी अर्धी.’

भावेशचा श्वास अजून लागला नव्हता. त्याने मान हलवली आणि सरांच्या पाया पडायला वाकला, पण मध्येच पोट आलं, तेव्हा सरांनीच त्याला वर धरला.

चुरीकाका मात्र खवळले. ‘म्हंजे नऊ वरसा मी कोनाला शिव्या घालत होतो?’

‘मलाच घाला,’ सर म्हणाले. ‘अर्ध्या चालू ठेवा.’

मी भावेशकडे गेलो. तो घाम पुसत म्हणाला, ‘ते लोक मला घेनार होते का नाय, तुला पन म्हाईत नाय, मला पन नाय. पन सरांनी माझी वाट लावली, असा सांगितला की लोक चाय पाजायचे. आता नित्याने लावली सांगितला तर कोन पाजनार?’ मग गंभीर झाला. ‘तेव्हाच सांगायला पायजे होता यार.’

‘हो.’

‘मी मारला असता तुला.’

‘म्हणूनच नाही सांगितलं.’

‘ते पन खरा हाय,’ भावेश म्हणाला. तो आजही माझ्याशी बोलतो, पण पूर्वी माझ्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असायचा, आता मागे उभा राहतो. मला वाटतं, एवढं तर त्याच्या हक्काचं आहे.

निघताना सरांनी मला बाजूला घेतलं. ‘पुढच्या रविवारी मासवणला ये. सकाळी सातला.’

‘कशाला, सर?’

‘वरडायला.’

तेव्हापासून माझ्या धंद्यात एक नवीन काम आलंय. आजवर मला बोलावणारे म्हणायचे, हसव. सर एकटेच असे गिऱ्हाईक की म्हणतात, फसव. पोरी खेळतात, सर एका बाजूला, मी कुंपणाजवळ. मी सरांच्या आवाजात उलटसुलट ओरडायचं आणि पोरींनी न ऐकता समोर बघून खेळायचं. इथे माशांची नावं नाहीत, पोरी डोंगराकडच्या. म्हणून सर सरळ ‘थांब’, ‘मागं’, ‘पळ’ म्हणतात. पहिल्या दिवशी सगळ्या फसल्या. मी ‘थांब’ म्हटलं की दहाच्या दहा पोरी जागेवर पुतळ्यासारख्या. मला कसंतरीच वाटलं. सर मुरमात उकिडवे बसून बघत होते, ते मला म्हणाले, ‘बघितलंस? मी काय बनवून ठिवलंय.’

दुसऱ्या रविवारी निम्म्या फसल्या. शेवटी मी ‘मागं ये’ ओरडलो, तर मनीषा सरळ पुढे गेली आणि बॉल रिंगमध्ये टाकून आली. मी म्हटलं, जमलं एकदाचं. तर सर उठले. ‘ह्या वक्ताला मी वरडलो हुतो. खरा मी. दोघं एकदमच वरडलो. मागं ये म्हटलं तर का आली न्हाईस?’

मनीषा घाबरली. ती पायाने मुरूम उकरत म्हणाली, ‘सर, पुढं कोन नव्हता.’

सरांनी शिट्टी तोंडातून काढली, परत घातली. वीस फेऱ्यांचा माणूस तो. मला त्यांच्या मिशीवरून दिसत होतं, आत काय चाललंय. मग म्हणाले, ‘कोण न्हवतं तर बरोबर हाय. परत खेळा.’

वाणगावच्या मॅचला सर बाकावर बसले. भूगोलाच्या बाई शेजारी बसल्या, त्यांना एकाच बाजूला टाळ्या वाजवायला सांगितलं होतं. मला पायरीवर बसायला परवानगी होती, तोंड उघडायला नव्हती. पहिली दहा मिनिटं सर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, जणू हातच ओरडणार आहेत. मग एक पोरगी पडली आणि रेफ्रीने फाउल दिला नाही. सर उठले आणि जे सुरू झाले ते थांबलेच नाहीत. पोरी काही ऐकत होत्या, काही नव्हत्या. भूगोलाच्या बाई मला खुणेने विचारत होत्या, यांना नेहमी असं होतं का? मी खुणेने सांगितलं, नऊ वर्षांनी झालंय, होऊ दे.

सात पॉइंटने हरलो.

परतीच्या बसमध्ये सर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून मासवणपर्यंत रेफ्रीला शिव्या घालत होते. मधेच मागून त्याच शिव्या, तसल्याच वाफेच्या, परत ऐकू यायला लागल्या. सर वळले आणि माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मी दोन्ही हात वर केले. शेवटच्या सीटवर मनीषा उभी होती, ओठांत पेनाचं टोपण धरून, आणि सगळ्या पोरी पोट धरून लोळत होत्या. सरांनी थोडा वेळ ऐकलं आणि मला विचारलं, ‘कुणाचा आवाज काढतीय ही?’

‘तुमचा, सर.’

‘मी आसा बोलतो?’

‘माझ्यापेक्षा बरा काढलाय तिने.’

सर पुढे तोंड करून बसले. मासवण येईपर्यंत मग त्यांनी एकही शिवी दिली नाही. मागून मात्र चालूच होतं.